एका तोंडाचं प्रदूषण आणि हजार तोंडांचं: इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या विषारी कचऱ्याचे कंटेनर जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पिथमपूरला आले, त्या आठवड्यात माझा फोन सारखा वाजत होता. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, कुणाची सासूबाई. प्रश्न वेगवेगळे होते, पण घोळ एकाच जागी होता. एका ठिकाणाहून येणारं प्रदूषण आणि चहूबाजूंनी येणारं प्रदूषण यांची सरमिसळ व्हायची, आणि किरणोत्सर्गाचं नाव निघालं की ती आणखी वाढायची. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना हाच घोळ मी वर्षानुवर्षं पाहिला आहे. तेव्हापासून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एखादंच उत्तर वाचलंत तरी चालेल. जिथं दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बिंदू स्रोत आणि विखुरलेला स्रोत म्हणजे नेमकं काय?

ज्या प्रदूषणाचं तोंड बोट ठेवून दाखवता येतं, तो बिंदू स्रोत. कारखान्याची चिमणी, सांडपाण्याचा पाइप, टाकीला पडलेली चीर. जे एका तोंडातून येत नाही, शेतं, रस्ते, अंगणं, हजारो गाड्या अशा सगळीकडून थोडं थोडं येतं, तो विखुरलेला स्रोत. पलासिया चौकात संध्याकाळी सात वाजता उभं राहिलात तर डोळे चुरचुरतात, पण कुठल्या स्कूटरमुळे ते सांगता येत नाही. हे विखुरलेलं. एखाद्या कारखान्याच्या भिंतीखालून रंगीत पाणी बाहेर येताना दिसलं, तर तो बिंदू.

"बिंदू" म्हणजे लहान असं मात्र नाही. औष्णिक वीज केंद्राची चिमणी दीडदोनशे मीटर उंच असते, तरी ती बिंदूच. आणि विखुरलेल्यातला प्रत्येक कण क्षुल्लक असला तरी बेरीज प्रचंड असू शकते.

२. नावं काहीही द्या, प्रदूषण ते प्रदूषण. फरक करून काय मिळतं?

तीन गोष्टी बदलतात: मोजायचं कसं, थांबवायचं कसं आणि जबाब कुणाला विचारायचा.

बिंदू स्रोताच्या तोंडाशी यंत्र बसवता येतं, परवाना देता येतो, काढूनही घेता येतो. आपला १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा मुख्यतः याच पद्धतीनं चालतात: उद्योगानं प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यायची, ठरलेल्या मर्यादेत सोडायचं. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यानं तर बिंदू स्रोताची व्याख्याच लिहून ठेवली आणि प्रत्येक पाइपाला परवाना लावला. तिथल्या नद्या बऱ्याच सुधारल्या, पण शेतातून वाहून येणारं खत तसंच राहिलं, कारण त्याला पाइप नव्हता. शेवटी १९८७ साली विखुरलेल्या स्रोतांसाठी त्याच कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं.

विखुरलेल्यावर चिमणीचा उपाय लावला की पैसा जातो आणि पाणी तसंच राहतं. बिंदूवर जनजागृतीचे फलक लावले की दोषी सुटतो. दुसऱ्या चुकीची मला अधिक चीड येते. एका पाइपाचं काम असताना साऱ्या वस्तीला "जागरूक व्हा" सांगणं अन्याय आहे.

३. खान नदीला मिळणारा नाला कशात धरायचा? त्याला तोंड आहे, पण घाण तर हजार घरांची.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं. नदीच्या काठावरून पाहिलं तर नाला बिंदू आहे. नाल्याच्या वरच्या अंगाला गेलात तर तो विखुरलेला आहे.

इंदूरनं इथं जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे. खान (कागदोपत्री कान्ह) आणि सरस्वती या आपल्या दोन नद्यांत आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांत हजारो घरांचे मैल्याचे पाइप थेट उघडत होते. नगर निगमनं (महापालिकेनं) एकेक तोंड शोधलं, बंद केलं आणि ते पाणी ड्रेनेज लाइनीत वळवलं. आपण सगळे त्याला नाला टॅपिंग म्हणतो. गोळा झालेलं पाणी कबीटखेडीसारख्या शुद्धीकरण केंद्रात जातं. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं "वॉटर प्लस" शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यात न सोडणारं शहर, ते याच कामावर.

म्हणजे विखुरलेली घाण आधी एका तोंडाशी आणली आणि मग त्या तोंडाशी उपाय केला. शहराची ड्रेनेज व्यवस्था हे मुळात तेच यंत्र आहे. ज्यांच्या गल्लीत लाइन नाही, त्यांची घाण विखुरलेलीच राहते आणि कुणाच्याच हिशेबात येत नाही. आपल्या गल्लीसाठी लाइन मागणं हे नदीचंच काम आहे. ही नदी पुढं उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, तेव्हा आपण सोडलेलं आपल्यापाशी राहत नाही.

४. तोंडं बंद केली म्हणता, मग पहिल्या पावसात पाणी काळं का येतं?

कारण पावसाचं पाणी ड्रेनेजच्या पाइपातून येत नाही, ते सगळ्या शहरावरून धावत येतं. उन्हाळाभर रस्त्यावर जमलेली धूळ, टायरची झीज, गळलेलं इंजिन तेल, शेण, ब्रेकची पूड, छपरांवरची राख, हे सगळं पहिल्या सरीबरोबर नदीत उतरतं. त्यातच जिथं ड्रेनेजच्या लाइनीत पावसाचं पाणी शिरतं, तिथं चेंबर उफाळतात आणि मैलाही मिसळतो.

एका जूनमध्ये मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ पहिल्या मोठ्या पावसात लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या भरल्या. एक पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी, दुसरी अर्ध्या तासानं, तिसरी दोन तासांनी. घरी खिडकीत ठेवल्या. पहिलीतलं पाणी काळपट, वर तेलाचा सप्तरंगी तवंग, आणि रात्रभर ठेवूनही खाली न बसलेली बारीक काजळी. दुसरी गढूळ करडी. तिसरी नुसती काळ्या मातीची, सकाळपर्यंत गाळ खाली बसून वरचं पाणी बरंच निवळलेलं. सगळ्यांत वाईट माल पहिल्या काही मिनिटांत वाहून येतो, हे पुस्तकातलं वाक्य मला त्या बरण्यांनी दाखवलं.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते झाडून उचललेली धूळ ही नदीतून काढलेली धूळ आहे. झाडून नालीत ढकलली तर उपयोग शून्य.

५. इंदूर स्वच्छतेत पहिलं, मग थंडीत हवा का बिघडते?

कचरा ही गोळा करता येणारी गोष्ट आहे. घराघरांतून गाडीनं उचलली, देवगुराड्याला नेली, तिथं ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवला. विखुरलेल्याचा बिंदू झाला. हवेचं तसं होत नाही. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या, भट्ट्या, बाहेरच्या शेतांतला धूर हे पोत्यात भरता येत नाही.

थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर ऊबदार थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. स्रोत तोच, झाकण वेगळं. आपल्या देशाचं प्रमाण पीएम २.५ साठी (अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) घनमीटरमागं २४ तासांना ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वार्षिक सरासरी ५ सुचवली. २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात इंदूर मोठ्या शहरांत पहिलं होतं, याचा मला आनंद आहे. पण पहिला येणं आणि हवा निर्धोक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्यांनी रोजचा आकडा पाहावा.

सिग्नलला गाडी बंद करा असं सांगतात तेव्हा बरेचजण "एकट्याच्या गाडीनं काय होतं" म्हणतात. विखुरलेल्या स्रोतात प्रत्येकजण एकटाच असतो.

६. नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली खोडं) जाळतात तो धूर कशात?

एका शेताची आग बिंदू आहे, उपग्रहावर ती ठिपक्यासारखी दिसतेही. पण एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर माळव्यात एकाच आठवड्यात असे असंख्य ठिपके लागतात, आणि शहरात पोचतो तो सगळ्यांचा मिळून धूर. इथं एकेकट्या शेतकऱ्याला दंड करून फारसं साधत नाही. हार्वेस्टर उंच कापतो, खोडं उरतात, पुढच्या पेरणीआधी रान मोकळं करायचं असतं. खोडांचा भुसा करणारं यंत्र त्याच वेळी, परवडेल अशा भाड्यानं मिळालं तर काडी पेटत नाही. असं का, ते प्रश्न १५ मध्ये.

७. आमच्या बोरिंगच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. दोष शेतांचा की शेजाऱ्याच्या सेप्टिक टाकीचा?

दोन्हीकडून येऊ शकतं, आणि नुसत्या तुमच्या एका नमुन्यावरून कळणार नाही. युरियाचं नायट्रेट काळ्या जमिनीतल्या भेगांतून आणि खालच्या खडकाच्या फटींतून भूजलात उतरतं. मैल्यातला नायट्रोजनही शेवटी नायट्रेटच होतो.

वेगळं करण्याची साधी युक्ती अशी. गल्लीतल्या पाचसहा बोरिंगांचं पाणी एकाच दिवशी तपासून घ्या आणि आकडे कागदावर घरांच्या जागी लिहा. सगळीकडे साधारण सारखे आले तर स्रोत विखुरलेला. एका कोपऱ्यात आकडा फुगलेला आणि तिथून उताराच्या बाजूला कमी होत गेलेला दिसला, तर त्या कोपऱ्यात काहीतरी गळतंय. त्याच नमुन्यात जंतू आणि क्लोराइडही जास्त असतील तर मैल्याचा संशय घट्ट होतो.

ही युक्ती फार जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्यानं ६०० हून अधिक माणसं गेली. लोक म्हणत होते दूषित हवा, म्हणजे सगळीकडून येणारी. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर जाऊन मृत्यू नोंदले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती दाटलेले निघाले, आणि पंपाचा दांडा काढायला लावला. विखुरलेली वाटणारी साथ एका तोंडाची होती.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून देऊ नका. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. आरओनं नायट्रेट कमी होतं, साध्या कँडल फिल्टरनं होत नाही.

८. किरणोत्सर्गालाही हीच विभागणी लागते का?

लागते, आणि तिथं ती अधिक ठळक आहे. विखुरलेला किरणोत्सर्ग आपल्याभोवती जन्मापासून आहे: जमिनीतलं युरेनियम आणि थोरियम, त्यातून निघणारा रेडॉन वायू, आकाशातून येणारे वैश्विक किरण, आणि खाण्यातलं पोटॅशियम-४०. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक), त्यातला जवळपास निम्मा वाटा रेडॉनचा. तुमच्या माझ्या शरीरातल्या पोटॅशियमचेच दर सेकंदाला चारपाच हजार अणू विघटित होत असतात.

बिंदू स्रोत म्हणजे एक्स-रे यंत्र, कर्करोगाच्या उपचाराचं यंत्र, कारखान्यात वेल्डिंगची चीर शोधायला वापरतात ती इरिडियमची डबी. यांच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं. नैसर्गिक आणि वैद्यकीय सोडून इतर कामांमुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, ही त्यांची मर्यादा.

९. स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवलंय. काढून टाकू का?

नका काढू. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम-थोरियम आपल्या माळव्याच्या काळ्या बेसॉल्टपेक्षा जास्त असतं हे खरं. पण ओट्याएवढ्या पातळ फरशीतून मिळणारी मात्रा प्रश्न ८ मधल्या २.४ पुढे अगदी थोडी. खिडकी उघडी ठेवा, रेडॉनसाठी तेवढं पुरे, आणि फोडणीच्या धुरासाठी त्याहून जास्त गरजेचं. आपण बसलोय तो दख्खनचा काळा खडक या बाबतीत सौम्य आहे. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम इतकं आहे की तिथल्या काही वस्त्यांत नैसर्गिक मात्रा आपल्या कित्येक पट भरते.

१०. काकू, आम्ही आरआरकॅटजवळ फ्लॅट घेतोय. तिथं रेडिएशन असतं म्हणतात?

आरआरकॅट म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. ते १९८४ पासून इंदूरात आहे. तिथं अणुभट्टी नाही. तिथं लेसर आणि त्वरक यंत्रं (कणांचा वेग वाढवणारी) आहेत. इंडस-२ हे त्यातलं मोठं, १७२ मीटर घेराचं कडं, ज्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत धावतात आणि वळताना प्रकाश व एक्स-रे सोडतात.

या यंत्राचा किरणोत्सर्ग दिव्यासारखा आहे: वीज बंद केली की किरण बंद. अणुभट्टीतला उष्ण, वर्षानुवर्षं किरण सोडत राहणारा इंधनाचा साठा इथं नसतो. धावतं यंत्र जाड काँक्रीटच्या आत असतं. शिवाय तो बिंदू स्रोत आहे, म्हणून अंतर तुमच्या बाजूनं काम करतं, कसं ते पुढच्याच उत्तरात. फ्लॅट घेताना पाणी, ड्रेनेज आणि रस्त्याची धूळ पाहा. त्या गोष्टी रोज तुमच्या अंगावर येणार आहेत.

जोडप्रश्न नेहमी येतो: इलेक्ट्रॉन किरणांनी निर्जंतुक केलेल्या वस्तू किरणोत्सर्गी होतात का? ठरवून दिलेल्या ऊर्जेच्या आत होत नाहीत. कपड्यावर टॉर्च मारल्यानं कपडा प्रकाश देऊ लागत नाही, तसंच.

११. लांब गेलं की कमी होतं ना? मग एवढी भीती कशाला?

बिंदू स्रोत असेल तर हो, आणि झपाट्यानं. अंतर दुप्पट केलंत की मात्रा चौथाई, तिप्पट केलंत की नववा भाग. एक्स-रे काढणारा मुलगा बटण दाबताना लांब भिंतीमागं जातो ते अंतरासाठीही आणि आडोशासाठीही.

पण हा नियम फक्त बिंदूचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) निघतात तेव्हा करून पाहा. एका सुट्या दिव्यापासून मागं सरका, उजेड चटकन मावळतो. आता दिव्यांच्या लांब रांगेपासून तेवढंच मागं सरका. उजेड कमी होतो, पण अर्धाच, कारण रांगेतले लांबचे दिवेही तुमच्यापर्यंत पोचत असतात. वाहता रस्ता हा असा रांगेचा स्रोत आहे. आणि ढगाळ दुपारी नेहरू स्टेडियमच्या मैदानात उभं राहा. दहा पावलं इकडे जा की तिकडे, उजेड तेवढाच, कारण तो साऱ्या आकाशातून येतो. जमिनीवर किरणोत्सर्गी धूळ पसरली तर असंच होतं. दहावीस पावलं सरकून काही फरक पडत नाही. दार बंद करून आत राहावं लागतं किंवा तो प्रदेशच सोडावा लागतो.

सूत्र पाठ असलेली मुलंही इथं चुकतात. आधी स्रोताचा आकार विचारा, मग अंतर.

१२. बिंदू स्रोत फुटला तर?

मग तो विखुरतो, आणि यासारखं वाईट दुसरं काही नाही. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी उपचारयंत्राचा जड भाग भंगार म्हणून उचलला. आत सीझियम-१३७ ची सुमारे ९३ ग्रॅम पूड होती, मूठभरसुद्धा नाही. भंगारवाल्यानं ती विकत घेतली. अंधारात निळी चमकते म्हणून नातेवाइकांना वाटली, कुणी अंगाला लावली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं, एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली, घरं पाडावी लागली. डबीत असताना एका माणसानं उचलता येईल असं ते संकट होतं. पूड झाल्यावर सारं शहर लागलं.

आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका जुन्या प्रयोगशाळेच्या यंत्रातलं कोबाल्ट-६० असंच उघडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या ओळखीत कबाडी असतील तर त्यांना पिवळ्यावरचं तीन पाकळ्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह दाखवून ठेवा. आकाराच्या मानानं फारच जड अशी शिशाची किंवा पोलादी डबी आली, तर कापू नये, फोडू नये, लोकांना लांब करावं आणि पोलिसांना कळवावं.

१३. अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरली, ती कशी आवरली?

स्फोट एका जागी, धूळ साऱ्या आकाशात. स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर, गवतातून दुधात, दुधातून मुलांच्या दातांत आणि हाडांत गेलं, कारण ते कॅल्शियमसारखं वागतं. दूध गाळून हे थांबणार नव्हतं. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघानं हवेत, पाण्यात आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार केला. काही देश पुढेही करत राहिले, शेवटची हवेतली चाचणी १९८० सालची. तरी मोठा ओघ थांबला आणि हवेतलं प्रमाण उतरत गेलं. विखुरलेलं जग स्वच्छ करायला मूठभर सह्या लागल्या.

१४. पिथमपूरला जाळलेला युनियन कार्बाइडचा कचरा किरणोत्सर्गी होता का? आता धोका कुठला?

किरणोत्सर्गी नव्हता. तो कीटकनाशक कारखान्याचा रासायनिक कचरा होता: दूषित माती, अर्धवट तयार माल, रासायनिक गाळ. "विषारी" आणि "किरणोत्सर्गी" हे शब्द आपण एकाच श्वासात म्हणतो, पण किरणोत्सर्ग ओळखायला गायगर यंत्र लागतं, रासायनिक विष ओळखायला प्रयोगशाळा.

या एकाच कारखान्यात दोन्ही तऱ्हा आहेत. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री एका टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन वायू होऊन सुटलं: एक टाकी, एक रात्र, हजारो जीव. पण त्याआधी आणि नंतर आवारात टाकलेला कचरा पावसानं हळूहळू मातीत आणि भूजलात उतरला, आणि आसपासच्या वस्त्या ते पाणी पीत राहिल्या. त्याला रात्र नाही, तारीख नाही. पिथमपूरला आला तो पोत्यांत भरता आलेला ३३७ टन भाग, जो ३० जून २०२५ पर्यंत जाळून संपला. जमिनीत उतरलेला भाग अजून तिथंच आहे.

पिथमपूरपुरतं बोलायचं तर जाळताना धोका चिमणीचा होता, म्हणजे बिंदूचा, आणि तो मोजता येणारा होता. जाळल्यावर राख उरते. ती अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरायची तर पुढची कित्येक वर्षं खड्ड्याच्या चढावरच्या आणि उतारावरच्या विहिरींचं पाणी तपासत राहावं लागतं. दोन्हींतला फरक वाढला की अस्तर गळतंय. इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागर तलावाची काळजी अनेकांनी कळवली. ती काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर तोंडी आश्वासनात नाही, त्या विहिरींच्या आकड्यांत आहे. रहिवाशांनी ते आकडे तारखेसह मागावेत. तुमचा तो हक्क आहे.

१५. विखुरलेल्या प्रदूषणाला जबाबदार कुणीच नाही, असंच ना?

असं अजिबात नाही, आणि सगळ्या प्रश्नांत मला हेच उत्तर सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विखुरलेलं प्रदूषण कुठंतरी वर एखाद्या अरुंद गळ्यातून आलेलं असतं. तो गळा शोधायचा.

पेट्रोलमधलं शिसं कोट्यवधी गाड्यांच्या नळकांड्यांतून निघायचं आणि मुलांच्या रक्तात जायचं. एकेक गाडी पकडून ते थांबलं नसतं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं ते मोजक्या रिफायनऱ्यांत. तिथं थांबवलं, आणि २००० साली देशभर शिशाशिवायचं पेट्रोल आलं. एप्रिल २०२० पासून इंधनातलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आलं, तेही रिफायनरीच्या दारातच.

आपल्या घरचं उदाहरण गणपतीचं. हजारो घरांतून प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती तळ्यात जाते तेव्हा दोष विखुरलेला दिसतो. पण त्या मूर्ती साच्यातून काढणारे कारखाने मोजके असतात, आणि ते सहा महिने आधी कामाला लागतात. ऑगस्टमध्ये भक्ताला उपदेश करण्यापेक्षा फेब्रुवारीत मूर्तिकाराला शाडूची आगाऊ मागणी आणि थोडी उचल दिली तर तळं वाचतं. आमच्या गल्लीतल्या नऊ घरांनी तसं केलं. मूर्तिकार म्हणाले, "मागणी आधी कळली तर मला मातीच बरी, ताई."

१६. मोबाइल टॉवर यातलं कशात बसतं?

बिंदू स्रोत, पण वेगळ्या जातीच्या लहरींचा. टॉवरच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उपटण्याइतकी ऊर्जा नसते, एक्स-रेमध्ये असते. टॉवरसाठी मिलिसिव्हर्टचा आकडा कुणी सांगत असेल तर त्यानं दोन विषय मिसळलेत. अंतराचा नियम मात्र प्रश्न ११ चाच.

१७. सीटी स्कॅन पुन्हा काढायला सांगितलाय. किती झाला म्हणजे जास्त?

छातीच्या एका एक्स-रेला ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, पोटाच्या सीटीला साधारण ८ ते १०. गरज असेल तर नाही म्हणू नका. न सापडलेला आजार मात्रेपेक्षा मोठा. पण आधीच्या स्कॅनच्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. कितीतरी स्कॅन केवळ जुना सापडला नाही म्हणून पुन्हा होतात. गर्भ असण्याची शक्यता असेल तर विचारलं नाही तरी सांगा.

१८. नाल्यात रंगीत पाणी दिसलं, तर तक्रार कशी करायची?

आधी तोंड शोधा. पाण्याच्या उलट दिशेनं काठानं चालत जा. एका जागी खाली रंगीत आणि वर स्वच्छ दिसलं की तोंड त्या दोहोंच्या मध्ये आहे. तिथला, थोडा वरचा आणि थोडा खालचा, असे तीन फोटो घ्या, वेळ आणि जागेसह. मैला किंवा कचरा असेल तर इंदूर ३११ ॲपवर निगमला, कारखान्याचं वाटत असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी. असं पाणी बहुधा रात्री किंवा पावसाच्या आडून सोडतात, म्हणून तीनचार दिवसांची वेळेची नोंद ठेवा. तपासणीला येणाऱ्यांना कधी यायचं ते त्यावरून कळतं. स्वतः पाण्यात उतरू नका, हातानं नमुना घेऊ नका.

चालत चालत वर गेलात आणि तोंड सापडलंच नाही, पाणी सगळीकडे सारखंच खराब निघालं, तर तेही लिहून कळवा. फोटो तेच तीन, आणि सोबत प्रश्न ७ मधल्यासारखा गल्लीचा कागद.